परिचारिकांची निवृत्ती : गैरसमज आणि वस्तुस्थिती

महाराष्ट्रात परिचारिका शासकीय, महापालिकेच्या, खासगी आणि कंत्राटी अशा निरनिराळ्या सेवाशर्तींवर काम करतात आणि त्या शर्तींनुसार त्यांचे निवृत्तीनंतरचे उत्पन्न वेगवेगळ्या मार्गांनी ठरते. तरीही सर्वांना एकच नियम लागू आहे असे गृहीत धरून आयुष्यभराचे निर्णय घेतले जातात. त्यामागील चार समजुती तपासून पाहणे आवश्यक आहे.

गैरसमज १ : शासकीय परिचारिकेला पूर्वीसारखी पेन्शन मिळतेच.

वस्तुस्थिती : राज्य शासनाच्या सेवेत १ नोव्हेंबर २००५ रोजी किंवा त्यानंतर रुजू झालेल्यांना जुनी निवृत्तिवेतन योजना सर्वसाधारणपणे लागू नाही. त्यांची योजना अंशदानावर, म्हणजे कर्मचारी आणि शासन यांनी दरमहा भरलेल्या रकमेवर, आधारलेली असून तीत कर्मचाऱ्याचा वाटा मूळ वेतन व महागाई भत्ता यांच्या १० टक्के, तर शासनाचा १४ टक्के असतो. निवृत्तीच्या वेळी जमा निधीपैकी किमान ४० टक्के रकमेतून वार्षिकी, म्हणजे आयुष्यभर ठरावीक रक्कम देणारी योजना, घ्यावी लागते. जुन्या योजनेच्या मागणीसाठी मार्च २०२३ मध्ये झालेल्या राज्यव्यापी संपानंतर काही पर्याय उपलब्ध झाले असले, तरी आपल्याला कोणता लागू होतो हे प्रत्येकीने नियुक्तीची तारीख आणि सेवापुस्तक पाहून ठरवले पाहिजे.

गैरसमज २ : खासगी रुग्णालयात पीएफ कापला जातो, म्हणून म्हातारपणाची सोय झाली.

वस्तुस्थिती : पीएफ, म्हणजे भविष्य निर्वाह निधी, ही साठवलेली रक्कम आहे आणि त्याला जोडलेले निवृत्तिवेतन निराळे आहे. ते काढताना निवृत्तिवेतनपात्र वेतनाला सेवेच्या वर्षांनी गुणून ७० ने भागतात. वेतनाची १५,००० रुपयांची मर्यादा आणि वीस किंवा त्याहून अधिक वर्षांच्या सेवेसाठी मिळणारी दोन वर्षांची वाढ धरली, तरी तीस वर्षांच्या सेवेनंतर हे निवृत्तिवेतन दरमहा सुमारे ६,८५७ रुपयेच होते. त्यासाठी किमान दहा वर्षांची सेवाही लागते. त्यामुळे रुग्णालय बदलताना पीएफ आणि निवृत्तिवेतनाची रक्कम काढून घेणारी परिचारिका आपलीच सेवेची वर्षे गमावते, तर खाते नव्या नोकरीत वर्ग करणाऱ्या परिचारिकेची सेवा सलग मोजली जाते.

गैरसमज ३ : निवृत्तीला चार-पाच वर्षे उरल्यावर विचार केला तरी चालते.

वस्तुस्थिती : चक्रवाढीत व्याजावरही व्याज मिळत असल्याने काळाचे मोल रकमेपेक्षा मोठे ठरते. वार्षिक ८ टक्के परतावा गृहीत धरल्यास दरमहा ३,००० रुपयांचे तीस वर्षांत सुमारे ४४.७ लाख रुपये होतात, पंधरा वर्षांत मात्र केवळ सुमारे १०.४ लाख, म्हणजे मुदत निम्मी होताच निधी चौथ्या हिश्श्याहूनही कमी होतो. घर, मुलांचे शिक्षण आणि वडीलधाऱ्यांचे आजारपण यांसाठी स्वतःची बचत सदैव मागे ठेवणाऱ्या परिचारिकेने ही किंमत आधीच जाणून घ्यावी.

गैरसमज ४ : सेवाभावी परिचारिकेला निवृत्तीचा विचार शोभत नाही, आणि केलाच, तर तो केवळ पैशांचा असतो.

वस्तुस्थिती : रात्रपाळी, तासन्‌तास उभे राहणे आणि रुग्णांना उचलणे यांचा ताण पाठ, गुडघे आणि झोप यांवर पडतो, म्हणून आरोग्याची काळजी हाही या तयारीचा भाग आहे. खासगी रुग्णालयाने दिलेला सामूहिक विमा बहुधा नोकरीबरोबरच संपतो आणि उतारवयात नवा विमा महाग पडतो, म्हणून स्वतःचा विमा वेळेवर घेणे हिताचे ठरते. शिवाय अनेकींची ओळख, मैत्री आणि दिनक्रम वॉर्डाशी बांधलेला असल्याने ड्युटी संपताच रितेपण जाणवू शकते. अध्यापन, घरगुती रुग्णसेवेचे मार्गदर्शन किंवा मनाजोगा छंद यांची जुळवाजुळव नोकरीत असतानाच केल्यास हा बदल सुसह्य होतो.

इतरांच्या दुखण्याची दखल घेणाऱ्या व्यक्तीने स्वतःच्या भविष्याची दखल घेणे हा स्वार्थ नव्हे. प्रत्येक परिचारिकेने पहिल्या पगारापासून नियमित बचत करावी, सेवापुस्तक व पीएफ खाते दरवर्षी तपासावे, नामनिर्देशन अद्ययावत ठेवावे, आणि रुग्णालय प्रशासनांनीही या तयारीचे मार्गदर्शन निवृत्तीच्या उंबरठ्यावर नव्हे, तर रुजू होतानाच द्यावे.