३.४ शब्दार्थ आणि संदर्भ : रामन राघव प्रकरणातील ‘कानून’

एकच शब्द दोन व्यक्तींच्या मनात परस्परविरुद्ध अर्थ धारण करू शकतो. याचे एक गंभीर उदाहरण मुंबईच्या गुन्हेगारीच्या इतिहासात आढळते.

१९६८ मध्ये मुंबईच्या उपनगरांत, पदपथांवर व झोपड्यांत निजलेल्या गोरगरिबांचे डोक्यात बोथट हत्याराचे घाव घालून खून होऊ लागले. २७ ऑगस्ट रोजी रामन राघव यास अटक झाली. रमाकांत कुलकर्णी यांच्या नेतृत्वाखालील तपासात त्याने अनेक खुनांची कबुली दिली. १९६९ मध्ये सत्र न्यायालयाने त्यास फाशीची शिक्षा सुनावली. त्याने अपील केले नाही.

शिक्षा कायम करण्यापूर्वी उच्च न्यायालयाच्या आदेशानुसार तीन मानसोपचारतज्ज्ञांनी त्याची तपासणी केली. त्याच्या मते जगे दोन : एक ‘कानून’चे, दुसरे आपण राहतो ते. स्वतःस तो ‘कानून’चा प्रतिनिधी मानी. न्यायालयाच्या भाषेत जो शब्द खुनास मनाई करतो, तोच त्याच्या भाषेत त्याच्या स्वतःच्या सामर्थ्याचा वाचक होता.

आरोपीस आपले कृत्य कायद्याविरुद्ध आहे हे मनोविकलतेमुळे उमगत नव्हते काय, हा तेव्हा लागू असलेल्या भारतीय दंड संहितेच्या कलम ८४ मधील कळीचा प्रश्न होता. येथे तो शब्दार्थाशी येऊन भिडतो. १९८७ मध्ये फाशीचे रूपांतर जन्मठेपेत झाले. १९९५ मध्ये पुण्यात त्याचा मृत्यू झाला.

‘माथेफिरू’ म्हटल्याने गुन्हा आणि आजार यांतील सीमारेषा पुसली जाते. ती जपणे हे अर्थविचाराचे कार्य होय.

स्वाध्याय : ‘माथेफिरू’ व ‘मनोरुग्ण’ या शब्दांतील अर्थभेद सोदाहरण स्पष्ट करा.