दुष्काळ, गुरे आणि भांडणाची चाहूल

कपाशीवर बोंडअळीचे पतंग दिसले की आम्ही गावोगाव निरोप धाडतो. अळी पडायची वाट पाहत नाही. भांडणाचीही अशीच आगाऊ चाहूल घेता येते, हे केनियातल्या वजीर भागातल्या बायांनी दाखवले.

वजीर हा केनियाच्या ईशान्येचा कोरडा मुलूख. लोक सोमाली, धंदा उंट, गुरे, शेळ्या पाळण्याचा. १९९२ च्या सुमारास दुष्काळात जनावरे मेली आणि चारापाण्यावरून भावकी-भावकीत बंदुका निघाल्या. बाजारातही परक्या भावकीच्या बाईला माल मिळेना. तेव्हा १९९३ साली देखा इब्राहिम अब्दी आणि आणखी काही जणी एकत्र बसल्या. आधी बाजार! कोणत्याही भावकीच्या बाईला विकता-घेता येते की नाही, हे त्या रोज पाहू लागल्या. पुढे वडीलधारे, तरुण, सरकारी अधिकारी जोडले गेले आणि १९९५ साली शांतता व विकास समिती झाली. कुठे तंटा उठला की समितीची माणसे तिथे जात, सूड घेतला जाण्याआधी बोलणी लावत.

मदत देणाऱ्यांनाही हे ठाऊक हवे. दुष्काळात विहीर खोदण्याआधी तिथे पाणी कोण कोण भरणार, हे विचारावे. नाहीतर विहिरीबरोबर भांडणही खोदले जाते.

२००२ साली पूर्व आफ्रिकेतल्या देशांच्या ‘इगॅड’ संघटनेने सरहद्दीवरच्या गुरेचोरीच्या लढायांसाठी अशीच यंत्रणा उभारली. कार्यालय अदिस अबाबाला, पण बातमी स्थानिक माणसाची: कळप कुठे सरकले, कुणाची गुरे गेली, बाजार भरला की नाही.