एका दशकात गेलेली आपली माणसं : १९९१ ते २०००

कुमार गंधर्व आणि रणजित देसाई यांचा वाढदिवस एकच, ८ एप्रिल. कुमारांचा जन्म १९२४ चा, बेळगावजवळच्या सुळेभावीचा. देसाई १९२८ चे, कोवाडचे. गेलेही दोघं एकाच वर्षी. कुमार १२ जानेवारी १९९२ ला देवासला, देसाई त्याच वर्षी ६ मार्चला. मध्ये अवघे ५४ दिवस. सुळेभावी बेळगावच्या पूर्वेला, कोवाड पश्चिमेला ताम्रपर्णीच्या काठी. सकाळी बेळगावातून निघालं तर यातलं कुठलंही एक गाव बघून दुपारच्या जेवणाला घरी येता येतं.

तरीसुद्धा ही दोन नावं एका यादीत सहसा येत नाहीत. एक कर्नाटकात जन्मून मध्य प्रदेशात स्थायिक झालेला गायक, दुसरा कोल्हापूर जिल्ह्यातला कादंबरीकार, अशी त्यांची नोंद होते आणि दोघं दोन वेगळ्या कप्प्यांत जातात. मंडळाकडे अधूनमधून विचारणा येते की बाबा, आपल्या भागातलं कोण नावाजलेलं माणूस कधी गेलं, अशी एखादी दशकवार यादी तुमच्याकडे आहे का? १९९१ ते २००० या दहा वर्षांची यादी करायला बसलो, तर पहिल्याच ओळीला अडायला झालं. 'आपला भाग' म्हणजे कुठला? आजच्या नकाशातला, की ही माणसं लहानाची मोठी झाली तेव्हाच्या नकाशातला?

हा प्रश्न वरवरचा नाही. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्य पुनर्रचना झाली. तोपर्यंत बेळगाव, धारवाड, विजापूर आणि उत्तर कानडा हे चार जिल्हे मुंबई राज्यात होते. त्या दिवशी ते म्हैसूर राज्यात गेले, म्हणजे पुढच्या कर्नाटकात. बेळगाव जिल्हा मात्र सगळाच्या सगळा गेला नाही. त्यातला चंदगड तालुका वगळला आणि तो कोल्हापूर जिल्ह्याला जोडला. कोवाड आज त्याच चंदगड तालुक्यात आहे. म्हणजे ज्या तालुक्यामुळे देसाई 'कोल्हापूरचे' ठरतात, तो तालुका ते २८ वर्षांचे होईपर्यंत बेळगाव जिल्ह्यात होता. चंदगडच्या माणसाला हे सांगावं लागत नाही. तो आजही बाजाराला आणि दवाखान्याला बेळगावच गाठतो.

त्याही आधीचा नकाशा बघितला तर आणखी गंमत आहे. बेळगाव शहराला लागून असलेलं शहापूर हे संस्थानं विलीन होईपर्यंत सांगली संस्थानचं होतं. इंग्रजी मुलखातून एक रस्ता ओलांडला की पटवर्धनांच्या मुलखात. मिरज, सांगली, जमखंडी, रामदुर्ग, कोल्हापूर अशी संस्थानं या सगळ्या पट्ट्यात विखुरलेली, आणि त्यांना बांधणारी मिरज-बेळगाव-धारवाड-हुबळी ही मीटरगेज. अब्दुल करीम खाँ मिरजेत राहत, अल्लादिया खाँ कोल्हापूर दरबारी. गाणं शिकणारं पोर कानडी घरातलं की मराठी घरातलं हे कुणी विचारत नसे. मल्लिकार्जुन मन्सूर (निधन १२ सप्टेंबर १९९२) धारवाडजवळच्या मन्सूरचे. त्यांचे एक गुरू मिरजेचे नीलकंठबुवा आणि पुढचे गुरू अल्लादिया खाँसाहेबांचे मुलगे. बसवराज राजगुरू १९९१ मध्ये गेले. धारवाडच्या या दोघांवर पुष्कळ लिहिलं गेलंय, इथे नुसती नोंद करून पुढे जातो.

कुमारांचं मूळ नाव शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकली. घरची भाषा कानडी. ग्रामोफोनच्या तबकड्या ऐकून मोठमोठ्या गवयांची हुबेहूब नक्कल करणारं हे पोर, आणि 'कुमार गंधर्व' ही पदवी त्याला लहानपणीच एका स्वामींकडून मिळालेली. पुढे मुंबईला प्रो. बी. आर. देवधरांकडे शिक्षण झालं. देवधर मूळचे मिरजेचे, म्हणजे पुन्हा तीच रेल्वेलाइन! १९४८ पासून वास्तव्य देवासला. क्षयाच्या आजारात काही वर्षं गाणं बंद, आणि त्यानंतर माळव्याची लोकगीतं, कबीराची निर्गुणी भजनं, स्वतःचे राग. याच कुमारांनी नंतर 'मला उमजलेले बालगंधर्व' हा कार्यक्रम केला आणि मराठी रसिकांना त्यांचाच गायक नव्यानं ऐकवला. सुळेभावीच्या कानडी घरातल्या मुलानं मराठी रंगभूमीच्या गाण्याचा असा कस लावावा, हे १९५६ नंतरच्या नकाशावरून समजत नाही. त्याच्या आधीच्या नकाशावरून लगेच समजतं.

बेळगावात कुमार गंधर्वांच्या नावाचं रंगमंदिर आहे, हे चांगलंच झालं. त्यावरून कुमार कानडी की मराठी असा वाद घालायला मात्र मला उत्साह नाही. माळव्यातली माणसं तर दोघांनाही हसतील.

रणजित देसाई म्हटलं की सगळ्यांना 'स्वामी' आठवते. १९६२ ची कादंबरी, साहित्य अकादमीचा १९६४ चा पुरस्कार. मग 'श्रीमान योगी', 'राधेय'. थोरले माधवराव, शिवाजी महाराज आणि कर्ण यांच्या गर्दीत देसाईंची सुरुवातीची पुस्तकं मागे पडली. बेरड समाजाच्या जगण्यावरची 'बारी' आणि त्यानंतरची 'माझा गाव' ही ती पुस्तकं. पेशवाई आणि शिवकाल सगळ्या महाराष्ट्राचा आहे, या दोन पुस्तकांमधली माणसं आणि जंगलं मात्र आपल्या अंगणातली. माझं मत विचाराल तर सीमाभागाच्या वाचकानं देसाईंची आठवण काढायला 'बारी'पासून सुरुवात करावी. घाटरस्त्यावरून येता-जाता काचेतून दिसणारी झाडी मग निराळी दिसते.

आता २००० साल. पु. ल. देशपांडे १२ जूनला गेले, इंदिरा संत १३ जुलैला. बरोबर ३१ दिवसांचं अंतर.

पु. ल. काही आपल्या भागात जन्मले नाहीत, त्यांना या यादीत ओढून आणलंय असं कुणी म्हणेल. पण बेळगावच्या राणी पार्वतीदेवी कॉलेजात ते प्राध्यापक होते, आणि त्या मुक्कामातून मराठीला एक माणूस मिळाला. 'गणगोत'मधले रावसाहेब, म्हणजे कृष्णराव हरिहर. घरात कानडी, बाहेर मराठी, तोंडात शिव्या आणि कानात गाणं. रावसाहेबांच्या मराठीत लिंगाचा पत्ता नसतो, क्रियापद कानडी वळणानं कुठेतरी जाऊन बसतं, आणि वाचणारा पोट धरून हसतो. पण बेळगावच्या वाचकाला त्यात आणखी काहीतरी ऐकू येतं. अशी मराठी बोलणारे कुणाचे काका, कुणाचे घरमालक, कुणाचे हेडमास्तर प्रत्यक्ष होते. 'होय की', 'बघा की' करत दोन्ही भाषांत एकाच वाक्यात ये-जा करणाऱ्या त्या पिढीचा पुस्तकात उरलेला हा मोठा पुरावा, आणि तो पाहुण्या प्राध्यापकाच्या कानानं टिपलेला. घरच्या माणसाला घरची बोली ऐकू येत नाही म्हणतात, ते खरं असावं.

इंदिराबाईंचं तसं नाही. त्या इथल्याच. ४ जानेवारी १९१४ चा त्यांचा जन्म विजापुराकडच्या इंडीचा, पण गाव तवंदी. निपाणीहून बेळगावकडे निघालं की लागतो तो तवंदीचा घाट, तेच तवंदी. माहेरचं आडनाव दीक्षित. कवी ना. मा. संतांशी लग्न, दोघांच्या कवितांचा मिळून 'सहवास' हा संग्रह १९४० चा. १९४६ ला ना. मा. संत गेले. पदरात लहान मुलं. इंदिराबाई बेळगावच्या ट्रेनिंग कॉलेजात शिकवत राहिल्या, पुढे तिथेच प्राचार्या झाल्या. 'शेला', 'मेंदी', 'मृगजळ', 'रंगबावरी' असे संग्रह येत गेले. 'गर्भरेशीम' १९८२ चा, त्याला १९८४ चा साहित्य अकादमी पुरस्कार.

यातला एक तपशील मला फार महत्त्वाचा वाटतो. १ नोव्हेंबर १९५६ ला इंदिराबाई ४२ वर्षांच्या होत्या. त्यांनी गाव बदललं नाही, राज्य बदललं. 'मेंदी' १९५५ चा आणि 'मृगजळ' १९५७ चा. एक संग्रह मुंबई राज्यात राहणाऱ्या कवयित्रीचा आणि दुसरा म्हैसूर राज्यात राहणाऱ्या, पण घर तेच. मराठी कवितेच्या इतिहासात त्यांचं नाव पुण्या-मुंबईच्या कवींबरोबर घेतात, आणि ते योग्यच. फक्त ही कविता लिहिली गेली ते गाव त्या इतिहासातून अलगद गळून पडतं. त्यांचं गद्य वाचलं की गाव परत येतं. 'मृद्गंध'मधल्या आठवणींत ते आहे. आणि 'मालनगाथा' विसरू नका. जात्यावरच्या ओव्यांचं, त्या रचणाऱ्या अनाम बायकांचं हे काम त्यांनी उतारवयात केलं. साहित्यात एवढा मान मिळाल्यावर माणसं स्वतःकडे बघू लागतात. या बाई दळणाऱ्या बायकांकडे वळल्या.

मुलगा प्रकाश नारायण संत. हे लेखकाचं नाव. दत्तक गेल्यामुळे कागदोपत्री भालचंद्र गोपाळ दीक्षित. ते १५ जुलै २००३ ला गेले, म्हणून आपल्या दशकात बसत नाहीत, पण त्यांची पुस्तकं बसतात. 'वनवास' १९९४ चं, 'शारदा संगीत' १९९७ चं. लंपन नावाच्या मुलाच्या या गोष्टींत सीमेवरचं गाव आहे, कानडी शब्द मराठी वाक्यात असे मुरलेत की वेगळे काढता येत नाहीत. हिशेब बघा : कुमार आणि देसाई गेले त्यानंतर दोनच वर्षांत, आणि पु. ल. व इंदिराबाई जाण्याच्या आधी, हे जग पुस्तकात येऊन बसलं. मोठ्या माणसांचं बालपण जिथे गेलं, ते आता लंपनच्या गोष्टींत सापडतं.

सीमाभागात स्मरणाचे दिवस ठरलेले आहेत. १७ जानेवारीला १९५६ च्या हुतात्म्यांना अभिवादन होतं. १ नोव्हेंबरला एकीकडे राज्योत्सव, दुसरीकडे काळा दिन. बॅ. नाथ पै १९७१ ला हुतात्मा दिनाचं भाषण करून दुसऱ्या दिवशी, १८ जानेवारीला, बेळगावातच गेले. प्रा. एन. डी. पाटील तर २०२२ ला नेमक्या १७ जानेवारीलाच गेले. त्यांची आठवण त्या दिवसांना चिकटून राहील, काळजी नाही. ज्यांचा लढ्याशी असा थेट संबंध नव्हता, त्यांना मात्र इथे दिवस नाही. ते गेले तेव्हा सगळीकडच्या वर्तमानपत्रांत मथळे आले, पण त्यांचं गाव बातमीत एका ओळीपुरतंच येतं.

ज्यांना या कामात रस आहे त्यांच्यासाठी थोडं व्यवहाराचं. जुन्या कागदांत शोधताना 'बेळगाव' शोधा, 'बेळगावी' हे अधिकृत नाव १ नोव्हेंबर २०१४ पासूनचं. निपाणीचं काही हवं असेल तर चिकोडी तालुक्याचे कागद बघा, स्वतंत्र तालुका अगदी अलीकडचा. शहापूरसाठी सांगली संस्थान, चंदगडसाठी १९५६ पर्यंत बेळगाव जिल्हा. मृत्यूच्या बातम्यांसाठी ज्या तारखा वर दिल्यात त्यांच्या पुढच्या चार-आठ दिवसांचे अंक काढा, नुसता दुसऱ्या दिवसाचा नको. पहिल्या दिवशी सगळीकडे सारखंच छापून येतं. नंतरच्या दिवसांत शोकसभांच्या बातम्या येतात आणि 'आमच्या वर्गात होते', 'आमच्या वाड्यात राहायच्या' अशी वाचकांची पत्रं. खरा माल तिथे असतो. बेळगावचं सार्वजनिक वाचनालय १८४८ चं आहे, 'तरुण भारत' १९१९ पासूनचा. सुरुवात करायला एवढं पुरे.

आणि माणसं गाठा. इंदिराबाईंच्या हाताखाली शिकून शिक्षिका झालेल्या बायका आज ऐंशी-नव्वदीच्या आहेत. त्यांना कविता विचारू नका, त्या पुस्तकात आहेत. बाई वर्गात कशा शिकवायच्या, कानडी मुलींशी कुठल्या भाषेत बोलायच्या, शाळेला कुठल्या रस्त्यानं यायच्या, ते विचारा. कोवाडलाही हेच. 'बारी' आणि 'माझा गाव'मधली कुठली ठिकाणं अजून जागेवर आहेत, हे सांगणारी म्हातारी माणसं तिथे सापडतील.

कुमारांची जन्मशताब्दी २०२४ ला झाली. इंदिराबाईंची त्याआधी दहा वर्षं. रणजित देसाईंची ८ एप्रिल २०२८ ला येतेय, आणि त्याच दिवशी कुमारांच्या जन्माला १०४ वर्षं होतील. एका दिवसात सुळेभावी आणि कोवाड, दोन्ही गावं करता येतात. सकाळी पूर्वेला, दुपारी पश्चिमेला. ज्यांना यायचंय त्यांनी मंडळाला आत्तापासून कळवून ठेवा, आणि घरात कुणी मोठं माणूस असेल तर त्यांनाही गाडीत घ्या.