दोन अक्षांचा स्तंभालेख

आकड्यांची लांबलचक यादी वाचून मनापुढे चित्र उभे राहतेच असे नाही. तेच आकडे स्तंभांच्या रूपाने मांडले, की अधिक कोणते व उणे कोणते हे क्षणात ध्यानी येते. विल्यम प्लेफेअर या स्कॉटिश लेखकाने १७८६ साली आपल्या ग्रंथात स्कॉटलंडच्या आयात-निर्यातीचे आकडे पट्ट्यांनी दाखविले होते. त्याच्यापाशी एकाच वर्षाची माहिती होती. तिची वर्षानुवर्षे चालणारी रेषा काढता येईना, म्हणून त्याने पट्ट्यांचा आश्रय घेतला. आज असे आलेख संगणकावरील स्प्रेडशीट हा हा म्हणता काढून देते.

परंतु एकाच आलेखात दोन भिन्न गोष्टी दाखवावयाच्या असल्या, तर अडचण येते. मुंबईच्या हवामानाचेच उदाहरण घ्या. तेथे जुलै महिन्यात सरासरीने सुमारे ८०० मिलिमीटर पाऊस पडतो. सरासरी तापमान जानेवारीत सुमारे २४, मेमध्ये ३० व जुलैमध्ये २८ अंश सेल्सिअस असते. आलेखाची उंची २० सेंटिमीटर धरून उभ्या अक्षावर ० ते १००० आकडे घेतले, तर जुलैच्या पावसाचा स्तंभ १६ सेंटिमीटर उंच होईल. तापमानाचा मात्र जेमतेम अर्धा सेंटिमीटर! जानेवारीची थंडी व मेचा उन्हाळा यांतील अंतर एका मिलिमीटरएवढेच दिसेल.

यावर उपाय म्हणजे दुसरा उभा अक्ष. स्प्रेडशीटच्या पहिल्या रकान्यात महिने, दुसऱ्यात पाऊस व तिसऱ्यात तापमान लिहावे. तिन्ही रकाने निवडून स्तंभालेख काढावा. मग तापमानाच्या स्तंभांना दुय्यम अक्ष नेमून द्यावा. हा अक्ष उजवीकडे उभा राहतो. त्यावर ० ते ४० अंश घेतले, की जानेवारीचा स्तंभ १२ व मेचा १५ सेंटिमीटर होतो, आणि ऋतूंतील फरक स्पष्ट दिसू लागतो.

येथे एक गंमत घडते. दोन अक्षांवरील स्तंभ बहुधा एकाच जागी, एकापुढे एक उभे राहतात व पुढचा स्तंभ मागच्याला झाकून टाकतो. म्हणून पाऊस स्तंभांनी व तापमान रेषेने दाखविण्याची रीत पडली आहे. दोन्ही स्तंभच हवे असतील, तर मुख्य अक्षावर पावसाच्या पुढे व दुय्यम अक्षावर तापमानाच्या आधी एकेक रकाना रिकामा ठेवतात. त्यामुळे स्तंभ शेजारी शेजारी येतात.

आता खरी सावधगिरीची गोष्ट. उजवा अक्ष ४० ऐवजी ३५ अंशांवर संपविला, तर जुलैच्या तापमानाचा स्तंभही बरोबर १६ सेंटिमीटरचा, म्हणजे पावसाएवढाच होतो. मग पाऊस व तापमान समान झाले काय? मुळीच नाही. मिलिमीटर व अंश यांची तुलनाच होऊ शकत नाही. तोच अक्ष ० ऐवजी २० पासून ४० पर्यंत घेतला, तर जानेवारीचा स्तंभ ४ व मेचा १० सेंटिमीटर होतो. मे महिना जानेवारीच्या अडीचपट उष्ण असल्याचा भास होतो. आकडा एकही बदललेला नाही. बदलले ते केवळ प्रमाण!

म्हणून आलेख काढणाऱ्याने स्तंभांचा अक्ष शून्यापासून आरंभावा, प्रत्येक अक्षावर त्याचे एकक लिहावे आणि स्तंभांचा व त्यांच्या अक्षाचा रंग एकच ठेवावा. आलेख पाहणाऱ्यानेही प्रथम अक्ष वाचावेत व मगच स्तंभांकडे वळावे. संगणक आलेख सुबक काढून देतो. तो खरा ठेवण्याची जबाबदारी मात्र माणसाचीच असते.