सेकंदाला शंभर आगी

जुन्या गाडीच्या इंजिनाला आग लागली असं ऐकलं की आपण हळहळतो. पण आग लागणं हेच तर इंजिनाचं काम! चार सिलिंडरचं साधं फोर-स्ट्रोक इंजिन मिनिटाला तीन हजार फेरे घेत असतं, तेव्हा त्यात दर सेकंदाला शंभर वेळा पेट्रोल पेटतं. ज्वाळेचं तापमान दोन हजार अंशांच्या पुढे जातं. आणि आपल्या गुडघ्यांपासून हातभर अंतरावर हे सगळं चालू असताना आपण काचा खाली करून, गाणी ऐकत, निवांत खंडाळ्याचा घाट चढतो.

मग वर्षानुवर्षं शेडमध्ये ताडपत्रीखाली पडलेली आजोबांची फियाट पुन्हा सुरू करताना ही आग बाहेर कशी येते? इंजिनही तेच, ठिणगीही तीच. बदललेलं असतं ते आगीभोवतीचं कुंपण. गाडी उभी असताना ते कसं झिजतं, हा प्रकार इतका विलक्षण आहे की भीतीच्या आधी कौतुकच वाटतं.

सुरुवात पेट्रोलपासून करू. द्रवरूप पेट्रोल पेटत नाही, पेटते ती त्याची वाफ. तीही हवेत साधारण दीड ते साडेसात टक्के असेल तेव्हाच. कमी असली तर पेटत नाही आणि जास्त असली तरीही नाही. केवढी चिंचोळी खिडकी! पण ही वाफ उणे ४० अंशांनासुद्धा पेटण्याइतकी निघते आणि हवेपेक्षा तीन-चारपट जड असल्यामुळे खाली बसून राहते. शंभर मिलिलिटर पेट्रोल, म्हणजे लहान कपभर, सांडलं आणि पूर्ण उडालं तर हजार लिटरहून जास्त हवा पेटण्याजोगी होते. त्यासाठी ठिणगी लागते ती केवढी? हिवाळ्यात स्वेटर काढताना चटचट होते, तेवढी पुरते.

आता कार्ब्युरेटर पाहा. यात मोटर नाही, वीज नाही, कसला मेंदू नाही. हवेची वाट मध्येच अरुंद केली की तिथे हवेचा वेग वाढतो आणि दाब पडतो. हे इटलीच्या व्हेंचुरी यांनी १७९७ साली मांडलं होतं. त्या अरुंद गळ्यात बारीक नळी ठेवली की पडलेल्या दाबामुळे पेट्रोल आपोआप वर खेचलं जातं आणि त्याचे तुषार होतात. १८९३ च्या सुमारास विल्हेल्म मायबाख यांनी असा तुषार उडवणारा कार्ब्युरेटर बनवला आणि पुढची जवळजवळ शंभर वर्षं जगभरच्या गाड्या याच युक्तीवर धावल्या. अट एकच. नळीतल्या पेट्रोलची पातळी तोंडाच्या किंचित खाली, जिथल्या तिथे राहायला हवी. वर गेली तर पेट्रोल न बोलावता वाहू लागतं.

ही पातळी राखायला कार्ब्युरेटरच्या वाटीत फ्लोट असतो. गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीतल्या बॉल-कॉकसारखाच. पेट्रोल चढलं की फ्लोट वर येतो आणि निडल नावाची छोटी सुई आत येणारी वाट बंद करते. पेट्रोल उतरलं की फ्लोट खाली, वाट उघडी.

गाडी उभी राहिली की काय होतं, ते या वाटीत बघण्यासारखं आहे. पेट्रोल हळूहळू उडून जातं, फ्लोट तळाला टेकतो, निडल सताड उघडी पडते. पण पेट्रोल उडतं तेव्हा सगळंच उडत नाही. त्यातले काही घटक हवेतल्या ऑक्सिजनशी जोडले जातात, एकमेकांना चिकटून लांबच लांब रेणू होतात आणि मागे उरतो तपकिरी चिकट थर. मेकॅनिक नुसत्या वासावरून ओळखतो. जुन्या पेट्रोलला पेट्रोलचा वास येत नाही, व्हार्निशचा येतो. हा थर सुईला तिथेच धरून ठेवू शकतो. कुठे? तर सताड उघड्या अवस्थेत! इतक्या वर्षांनी पंप पेट्रोल पाठवतो, वाटी भरते, फ्लोट वर यायला बघतो. पण सुई हलत नाही. पेट्रोल काठावरून बाहेर येतं. फ्लोट पितळी असेल आणि त्याला टाचणीएवढं भोक पडलं असेल, तर तो पेट्रोल पिऊन बुडतो आणि सुई मोकळी असूनही परिणाम तोच.

बाहेर आलेलं पेट्रोल पडतं कुठे? ॲम्बॅसेडरमध्ये वर्षानुवर्षं जे मॉरिसच्या घराण्यातलं पेट्रोल इंजिन होतं, त्यात कार्ब्युरेटर आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (जळलेला तप्त वायू बाहेर नेणारा नळ) इंजिनाच्या एकाच बाजूला, एक वर आणि एक खाली. त्या काळच्या कितीतरी इंजिनांची मांडणी अशीच होती, कारण एक्झॉस्टच्या उबेने पेट्रोलची वाफ चांगली होते. थंड देशातल्या अभियंत्यांचा हा शहाणपणा. वरून पेट्रोल वाहू लागलं की तोच अंगाशी येतो.

आता रबराकडे वळू. शिळ्या पेट्रोलमध्ये पेरॉक्साइड नावाची संयुगं तयार होतात आणि ती रबर कुरतडतात. म्हणजे टाकीत विसरलेलं पेट्रोल, ज्या पाइपातून उद्या ते वाहणार, तोच पाइप आतून खात बसलेलं असतं! भरीला इथेनॉल. कोल्हापूर-सांगलीच्या उसापासूनही निघणारं हे इंधन २०२५ पर्यंत देशभरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत पोहोचलं. त्याच्या बाजूने खूप बोलता येईल, पण पद्मिनीचं, म्हणजे आजोबांच्या त्या फियाटचंच, उत्पादन थांबून पाव शतक होत आलं आणि तिचे रबरी पाइप, वॉशर, गॅस्केट बनवताना इथेनॉल कुणाच्या मनातही नव्हतं. इथेनॉल जुनं रबर फुगवतं किंवा मऊ करतं. शिवाय पाणी ओढून घेतं. आणि कोकणातल्या चार महिन्यांच्या पावसाळ्यात हवेत पाण्याला काय तोटा? पाइप बाहेरून ठाकठीक दिसतो. वाकवला की भेगा उघडतात.

पण नुसतं पेट्रोल सांडून गाडी पेटत नाही. ज्वाळा बाहेर यायला वाट हवी. अशी एक वाट म्हणजे बॅकफायर, आणि माझ्या मते या सगळ्या गोष्टीतला सर्वांत नाट्यमय भाग हाच.

सिलिंडरात पेट्रोल पेटतं तेव्हा हवा-पेट्रोलचं मिश्रण आत घेणारा इनलेट व्हॉल्व्ह घट्ट बंद असतो, म्हणून आग आतच राहते. बरीच वर्षं न हललेला व्हॉल्व्ह गंजाने किंवा त्याच चिकट थराने अर्धवट उघडा अडकू शकतो. वायरी बदलताना प्लगचा क्रम चुकला किंवा टायमिंग हललं, तर व्हॉल्व्ह बंद व्हायच्या आधीच ठिणगी पडते. तिसरं कारण फसवं आहे. जेट, म्हणजे कार्ब्युरेटरमधली पेट्रोलची ती बारीक नळी, अर्धवट तुंबलेला असतो, वाळलेल्या गॅस्केटमधून जादा हवा घुसते आणि मिश्रण पातळ होतं. पातळ मिश्रण सावकाश जळतं, इतकं सावकाश की पुढच्या खेपेला इनलेट व्हॉल्व्ह उघडतो तेव्हाही आत निखारा शिल्लक असतो. मग फाट्‌ असा आवाज होतो आणि ज्वाळा उलट्या वाटेने कार्ब्युरेटरच्या तोंडातून बाहेर येते. एअर फिल्टर जागेवर असेल तर बहुतेक वेळा ती तिथेच मरते. पण गाडी सुरू होत नाही म्हटल्यावर आपण सगळ्यांत आधी काय काढतो? फिल्टरच!

गाडी सुरू करतानाची साखळी अशी: शिळ्या पेट्रोलमधले चटकन उडणारे हलके घटक केव्हाच निघून गेलेले असतात, त्यामुळे ते पेटायला नाखूश. म्हणून आपण चोक ओढतो, ॲक्सिलरेटर दाबत राहतो, सेल्फवर सेल्फ मारतो. प्रत्येक फेऱ्याला पंप आणखी पेट्रोल ढकलतो. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरपर्यंत जाऊन बसतं. मग कुणीतरी बाटलीतून ताजं पेट्रोल थेट कार्ब्युरेटरमध्ये ओततं. ताजं पेट्रोल मात्र पेटायला उत्सुकच असतं. ज्या गाडीत पाच मिनिटांपूर्वी काहीच पेटत नव्हतं, तिथे एका क्षणात सगळं पेटतं.

ही कटकट नवी नाही. १८८८ साली बर्था बेंझ नवऱ्याला न सांगता दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्त्सहाइमला निघाल्या. मोटारीचा हा पहिला लांबचा प्रवास. वाटेत इंधनाची नळी तुंबली आणि त्यांनी टोपीची पिन घालून ती मोकळी केली. पुढे १३४ वर्षांनी, नोव्हेंबर २०२२ मध्ये, कॅलिफोर्नियातल्या आपल्या गॅरेजमध्ये अमेरिकी विनोदवीर जे लेनो १९०७ सालच्या व्हाइट स्टीम कारखाली शिरून नेमकी तशीच तुंबलेली इंधनवाहिनी मोकळी करत होते. हवेच्या दाबाने पेट्रोल तोंडावर उडालं आणि बर्नरच्या छोट्या ज्योतीने ते पेटलं. चेहरा आणि हात चांगलेच भाजले. जुन्या गाड्यांत आयुष्य घालवलेला हा माणूस, तरीही.

उंदरांना विसरून चालणार नाही. एअर फिल्टरच्या डब्यात किंवा मॅनिफोल्डवर चिंध्या-गवताचं घरटं आणि कुरतडलेल्या वायरी, हे जुन्या शेडमधलं नेहमीचं दृश्य. त्या काळच्या कितीतरी गाड्यांत सगळ्या मिळून दोन-चारच फ्यूज असत, आणि बरीचशी वायरिंग फ्यूजशिवायच. उघडी पडलेली वायर बॉडीला टेकली की बॅटरी शेकडो ॲम्पिअर ओतायला तयार.

आता ताडपत्री काढायचीच असेल, तर बॅटरी जोडायच्या आधी टाकी रिकामी करा आणि ते पेट्रोल पुन्हा वापरू नका. रबरी पाइप सगळे बदला, इथेनॉलला टिकणारे घ्या. गाडीतला हा सर्वांत स्वस्त विमा. कार्ब्युरेटर उघडून निडल बोटाने हलते का ते पाहा. प्लग काढून इंजिन आधी हाताने फिरवा. गाडी शेडबाहेर, उघड्यावर आणा, फिल्टर बसवूनच सेल्फ मारा आणि एक माणूस पावडरचा अग्निशामक हातात धरून उभा ठेवा, पाण्याची बादली नव्हे. पाण्यावर पेट्रोल तरंगतं आणि जळत जळत पसरतं. तरीही कार्ब्युरेटरच्या तोंडात ज्वाळा दिसलीच तर सेल्फ सोडू नका. दीड लिटरचं इंजिन सेल्फवरसुद्धा मिनिटाला शंभरएक लिटर हवा ओढू शकतं; ते ती ज्वाळा जिथून आली तिथे परत गिळतं. मात्र बाहेर सांडलेलं पेट्रोल पेटलं असेल तर इग्निशन बंद करा, बॉनेट सताड उघडू नका आणि फटीतून पावडर मारा.

आणि बाटलीतून पेट्रोल ओतायला कुणी हौसेने पुढे आलाच, तर त्याच्या हातातली बाटली काढून घ्या आणि त्याला चहा आणायला पाठवा.