किरणोत्सारी आयोडीन : प्रत्येकालाच कशाला?

थायरॉइड ग्रंथी आयोडीन ओढून घेते. म्हणूनच थायरॉइडच्या कर्करोगात शस्त्रक्रियेनंतर उरलेल्या पेशी नष्ट करायला किरणोत्सारी आयोडीन-१३१ देतात. आठ दिवसांत त्याची किरणोत्सारिता निम्म्यावर येते. १९६३ मध्ये सुरू झालेले परळचे रेडिएशन मेडिसिन सेंटर या उपचारांसाठी ओळखले जाते.

पण तो डोस सगळ्यांनाच हवा का? फ्रान्समधील ७७६ कमी-जोखमीच्या रुग्णांवरील चाचणीचे निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. तीन वर्षांनंतर आयोडीन घेतलेल्यांपैकी ९५.९ टक्के आणि न घेतलेल्यांपैकी ९५.६ टक्के रुग्ण ठीक होते. फरक नगण्यच!

जाफराबाद तालुक्यातल्या टेंभुर्णीहून परळ गाठणाऱ्याला हे आकडे मोलाचे. एक उपचार टळला, तर डोसनंतरचे विलगीकरण आणि मुंबईची खेपही वाचते. मोठी गाठ किंवा गळ्याबाहेर पसरलेला आजार असेल, तर मात्र ही सूट नाही.