कठीण रंग, चिवट रंग

दिल्लीचा मुकरबा चौक मागे टाकला की राष्ट्रीय महामार्ग ४४ वरून पानिपत सुमारे ७० किलोमीटर. जुना ग्रँड ट्रंक रोड तो हाच. तो आठ पदरी करण्याचं काम कित्येक वर्षं चाललं आणि त्या काळात खडी, माती आणि वळणरस्ते हेच प्रवाशांच्या वाट्याला आले. आजही या वाटेवर यमुनेच्या रेतीचे डंपर, उसाच्या ट्रॉल्या, रिफायनरीचे टँकर आणि कापडाच्या गाठींनी फुगलेले ट्रक यांची रांग तुटत नाही. १७६१ च्या संग्रामाचा स्मृतिदिन १४ जानेवारीचा. त्या सुमारास काला आंबच्या स्मारकाकडे निघालेल्या एमएच पाटीच्या गाड्याही याच रांगेत सापडतात.

पुण्याहून सुमारे दीड हजार किलोमीटर चालून आलेल्या अशा एखाद्या गाडीचं बॉनेट जवळून पाहावं. पुढच्या कडेवर टाचणीच्या डोक्याएवढे टवके उडालेले असतात. मागच्या बाजूला, दारांवर आणि टपावर केसासारखे बारीक चरे. मालकाच्या लेखी दोन्हींचा अर्थ एकच: हल्लीच्या गाड्यांचा रंगच कच्चा. रसायनशास्त्राच्या लेखी मात्र ही दोन निराळी दुखणी आहेत आणि त्यांचे उपाय एकमेकांच्या विरोधात जातात. चरा पडू नये म्हणून रंग कठीण हवा. टवका उडू नये म्हणून तो चिवट, किंचित दबणारा हवा. कठीणपणा वाढवला की रंग ठिसूळ होऊ लागतो, मऊपणा वाढवला की त्यावर चरे उमटतात. प्रत्येक मोटारीचा रंग म्हणजे या दोहोंतला तह असतो.

तहाला जागाही फार नाही. कारखान्यात पत्र्यावर आधी फॉस्फेटची प्रक्रिया होते. मग गाडीचा अख्खा सांगाडा रंगाच्या टाकीत बुडवून वीज सोडतात, म्हणजे कानाकोपऱ्यातल्या पत्र्यावरही गंजरोधक थर बसतो. हा ई-कोट सुमारे २० मायक्रॉनचा. त्यावर ३० ते ४० मायक्रॉनचा प्रायमर, मग डोळ्यांना दिसणारा खरा रंग जेमतेम १५ मायक्रॉन आणि सर्वांत वर ४० मायक्रॉनच्या आसपास पारदर्शक क्लिअर कोट. सगळे थर मिळून १०० ते १२० मायक्रॉन. वर्तमानपत्राचे दोन कागद एकावर एक ठेवले तर साधारण तेवढीच जाडी भरते.

भारतीय मोटारींना लागणाऱ्या रंगांतलं एक मोठं नाव कन्साई नेरोलॅक. १९२० मध्ये मुंबईत लोअर परळला गहागन पेंट्स म्हणून सुरू झालेल्या या कंपनीचे कारखाने आज रत्नागिरी जिल्ह्यात लोटे परशुरामला आहेत, तसे हरियाणात बावललाही. कोकणातल्या खाऱ्या दमट हवेत आणि हरियाणाच्या धुळीत एकाच जातीच्या थरांनी टिकायचं असतं.

आधी चऱ्यांचं पाहू. यमुनेच्या रेतीत क्वार्ट्झ म्हणजे आपली गारगोटी भरपूर असते. खनिजांच्या कठीणपणाच्या मोह्‌स मोजपट्टीवर गारगोटी ७ वर येते, खिडकीची काच साडेपाचच्या आसपास. क्लिअर कोट हे शेवटी प्लॅस्टिकच. ते या पट्टीच्या तळाशी असतं. त्यामुळे धुळीचा कण रंगाला ओरखडू शकतो का, हा प्रश्नच उरत नाही. त्याला दाबून ओढणारं कुणीतरी लागतं, एवढंच.

ते काम बहुतेक वेळा गाडीवर माया करणारा हातच करतो. हिवाळ्यात पानिपतच्या मॉडेल टाउनसारख्या वसाहतीत रात्रभर धुकं उतरतं, धूळ ओलसर होऊन पत्र्याला चिकटते आणि सकाळी कुणीतरी बादलीभर पाणीही न ओतता थेट फडकं मारतो. फडकं म्हणजे जुनी बनियन किंवा एखाद्या टॉवेलचा तुकडा. पहिल्या दाराची धूळ त्यात अडकते आणि दुसऱ्या दारावर तेच फडकं पॉलिश पेपरचं काम करतं. पुणे-मुंबईच्या सोसायट्यांतही सकाळ याहून वेगळी नसते.

या ओरखड्यांची एक गंमत उन्हात दिसते. पेट्रोल पंपाच्या दिव्याखाली किंवा दुपारच्या सूर्याखाली काळ्या गाडीकडे पाहिलं तर प्रकाशाच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखी वर्तुळं दिसतात. ‘पॉलिशवाल्यानं गोल गोल घासलं’ असा ठपका मग कुणावर तरी बसतो. प्रत्यक्षात चरे सगळ्या दिशांना असतात. त्यांतले जे प्रतिबिंबाच्या भोवताली आडवे पडलेले असतात तेच प्रकाश डोळ्याकडे परतवतात, बाकीचे दिसतच नाहीत. पाहणारा चार पावलं सरकला की वर्तुळंही त्याच्याबरोबर सरकतात. चरे वर्तुळाकार असते तर ती जागच्या जागी राहिली असती.

चरा किती खोल आहे हे घरच्या घरी कळतं. त्यावर पाण्याचा थेंब सोडावा. चरा नाहीसा झाला तर तो क्लिअर कोटमध्येच आहे. चऱ्याच्या खडबडीत कडा प्रकाश विखुरतात म्हणून तो पांढरा दिसतो. पाणी ती खाच भरून काढतं आणि पाण्याचा वक्रीभवनांक हवेपेक्षा प्लॅस्टिकच्या जवळचा असल्यामुळे प्रकाश विखुरणं कमी होतं. थेंब सोडूनही रेघ दिसत असेल, बोटाचं नख तिच्यात अडकत असेल, तर जखम खालच्या थरापर्यंत गेली आहे. राखाडी रेघ बहुधा प्रायमरची. चकाकणारी किंवा तांबूस असेल तर थेट पत्रा उघडा पडला आहे.

बाजारातली बरीचशी ‘स्क्रॅच रिमूव्हर’ द्रव्यं त्या थेंबाचंच काम करतात. मेण किंवा तेलानं खाच भरली की चरा लपतो आणि दोन-चार धुण्यांनंतर पुन्हा उगवतो. टूथपेस्टचा घरगुती उपाय याच्या उलट. तिच्यात सिलिका किंवा कॅल्शियम कार्बोनेटची बारीक पूड असते, ती क्लिअर कोट खरवडून चऱ्याच्या कडा बोथट करते. गॅरेजमधलं मशीनवरचं रबिंग-पॉलिश हेच काम जास्त सफाईनं करतं. पण प्रत्येक खेपेला काही मायक्रॉन कायमचे जातात. सूर्याच्या अतिनील किरणांना अडवणारी रसायनं याच थरात असतात. दर दिवाळीला गाडी मशीनखाली गेली तर काही वर्षांत टपावरचा क्लिअर कोट पापुद्र्यासारखा सुटू लागतो.

म्हणून मग ‘सिरॅमिक कोटिंग’. जाहिरातीत ‘९ एच’ असं ठळक छापलेलं असतं आणि ग्राहकाला वाटतं, हिऱ्याच्या खालोखालचा कठीणपणा मिळाला. हा आकडा मोह्‌सच्या पट्टीचा नाहीच. तो शिसपेन्सिलींच्या श्रेणीचा आहे. एचबी, २ एच, ४ एच अशा चढत्या कठीणपणाच्या पेन्सिली ठरावीक कोनात रंगावर दाबून ढकलायच्या आणि कोणती पेन्सिल ओरखडा काढते ते पाहायचं, अशी ही रंग-उद्योगातली जुनी चाचणी. ९ एचची पेन्सिल हरली याचा अर्थ गारगोटीही हरेल असा होत नाही. या सिलिकायुक्त थराची जाडी एखाद-दोन मायक्रॉनच असते. त्याचा खरा फायदा वेगळा आहे. पाणी आणि चिखल पृष्ठभागाला धरून राहत नाहीत, धूळ कमी घासाघाशीत निघते आणि चरे पडण्याची वेळ कमी येते. उडून आलेल्या खडीपुढे मात्र तो थर असून नसून सारखाच.

खडीचं गणित वेगाच्या वर्गावर चालतं. ताशी ६० किलोमीटरनं जाणारी गाडी १२० वर गेली की समोर आलेल्या त्याच खड्याचा आघात चौपट होतो. एक ग्रॅमचा खडा ताशी १०० किलोमीटरच्या सापेक्ष वेगानं आदळला तर त्याची ऊर्जा जेमतेम ०.४ ज्यूल असते. आकडा किरकोळ वाटतो, पण ती सगळी ऊर्जा खड्याच्या टोकदार कोपऱ्याखालच्या ठिपक्याएवढ्या जागेत उतरते. तिथला रंग दबतो, पत्राही किंचित दबतो आणि थरांमधली पकड जिथे सर्वांत दुबळी तिथून रंग सुटतो.

थंडीत हे वाढतं. तापमान उतरलं की रंगातल्या लांबलचक रेणूंची हालचाल मंदावते, आघात पचवण्याची ताकद घटते आणि रंग काचेसारखा वागू लागतो. म्हणूनच रंगकंपन्या नमुन्याच्या पत्र्यावर दाबाच्या हवेनं खडीचा मारा करतात तेव्हा काही चाचण्यांत पत्रा शून्याखाली गार करून घेतात. जानेवारीच्या पहाटे पानिपतचा पारा चार-पाच अंशांवर असताना रेतीच्या डंपरमागे गाडी चिकटवून चालवणं म्हणजे तीच चाचणी स्वतःच्या बॉनेटवर घेणं. दोन वाहनांमधलं अंतर वाढवणं हा यावरचा बिनखर्चाचा उपाय. डंपरच्या चाकांतून सुटलेला खडा तेवढ्या अवधीत रस्त्यावर पडून वेग गमावतो.

बंपरची कहाणी वेगळी, कारण तो पत्र्याचा नसतोच. तो बहुधा पॉलिप्रोपिलीनचा असतो आणि पॉलिप्रोपिलीन खुद्द पानिपतला बनतं. इंडियन ऑइलच्या इथल्या रिफायनरीला जोडलेला नॅफ्था क्रॅकर प्रकल्प २०१० मध्ये सुरू झाला. तिथून निघणाऱ्या मालात हे प्लॅस्टिक आहे. त्याला धक्का सोसतो, पण रंग धरवत नाही, इतका त्याचा पृष्ठभाग रासायनिकदृष्ट्या अलिप्त असतो. कारखान्यात ज्योतीची झुळूक देऊन किंवा खास प्रायमर मारून त्याला रंगासाठी तयार करतात. रस्त्याकडेच्या डेंटिंग-पेंटिंगवाल्यानं हा प्लॅस्टिक प्रायमर वाचवला, तर पुढच्या वर्षी बंपरवरचा रंग हाताएवढ्या पापुद्र्यांनी निघतो.

कठीण आणि चिवट यांचा मेळ घालायचे प्रयत्न दोन वाटांनी झाले. निसाननं २००५ मध्ये जपानात स्वतःहून भरून येणारा क्लिअर कोट आणला. टोकियो विद्यापीठातल्या संशोधनाशी त्याचं नातं होतं. त्यातल्या लांब रेणूंवर कडीसारखे दुसरे रेणू ओवलेले असतात. ताण आला की कड्या सरकतात, ताण वाटला जातो, आणि उबेत चरा हळूहळू सपाट होतो. दुसरी वाट लढाईतून आली. व्हिएतनाम युद्धात अमेरिकी हेलिकॉप्टरांच्या पात्यांना रेती आणि मोडतोडीपासून जपण्यासाठी पॉलियुरेथेनची पट्टी लावत. आज गाड्यांवर चढवतात ती पेंट प्रोटेक्शन फिल्म (पीपीएफ) त्याच वंशातली. तिची जाडी १५० ते २०० मायक्रॉन, म्हणजे तिच्याखालच्या सगळ्या रंगापेक्षा जास्त. खड्याचा आघात ती खरोखर पचवते आणि तिच्यावरचे बारीक चरे उष्णतेनं मिटतात. त्यासाठी हरियाणातला मे महिना पुरेसा आहे. अख्ख्या गाडीला ती लावायचा खर्च लाखाच्या घरात जाऊ शकतो. बॉनेटची पुढची कड, बंपर आणि आरसे एवढ्यांनाच लावली तर टवक्यांच्या बहुतेक जागा झाकल्या जातात.

चऱ्यांवरचा इलाज तर पानिपतच्या धंद्यातच दडलेला आहे. जगभरचे जुने कपडे इथे येतात, बटणं-चेन काढून पिंजले जातात आणि त्या सुतातून घोंगड्या-ब्लँकेटं विणली जातात. हे सूत आखूड, जाडंभरडं. गाडीला लागतो तो मायक्रोफायबर: एक डेनियरहून बारीक पॉलिस्टरचे तंतू, जे कणाला आपल्या पोटात ओढून घेतात. पॉलिस्टरला लागणारं टेरेफ्थॅलिक आम्लही पानिपतच्या याच रिफायनरी संकुलात तयार होतं. पण कापड कितीही मऊ असो, आधी पाण्यानं धूळ वाहून जायला हवी. मग शाम्पूची एक बादली, फडकं खळबळायला दुसरी, आणि हात सरळ रेषेत. जमिनीवर पडलेलं मायक्रोफायबर पुन्हा गाडीला लावायचं नाही.

पत्रा उघडा पडलेला टवका मात्र थांबत नाही. गंज रंगाखालून पसरतो, रत्नागिरीच्या हवेत पानिपतपेक्षा लवकर. जागा स्पिरिटनं पुसावी, गंज खरवडावा, थेंबभर प्रायमर, तो वाळल्यावर काडीच्या टोकानं रंगाचे दोन-तीन पातळ हात आणि शेवटी क्लिअर. रंगाचा क्रमांक दाराच्या चौकटीवर किंवा बॉनेटखालच्या पट्टीवर असतो. अख्खं दारच रंगवायचं झालं तर मोसम पाहावा. कारखान्यात क्लिअर कोट १४० अंशांच्या आसपास भाजतात. गॅरेजमध्ये वायरिंग आणि प्लॅस्टिक जागेवर असल्यानं ६० अंशांच्या पुढे फारसं जाता येत नाही. उघड्यावरच्या गॅरेजात, धुक्याच्या दिवसांत तेवढंही नाही. असा रंग पुढचे काही आठवडे मऊच राहतो.

विम्याचा दावा करण्यापूर्वी कागद-पेन्सिल घ्यावी. दाराच्या रंगकामाचं एकत्रित बिल ४,००० रुपये आहे असं धरू. साध्या पॉलिसीत त्यातले २५ टक्के साहित्याचे मानून त्यावर ५० टक्के घसारा कापतात, म्हणजे ५०० रुपये. १,५०० सीसीपर्यंतच्या गाडीला आणखी १,००० रुपये सक्तीनं स्वतःचे भरावे लागतात. हाती येतात २,५००. पाच वर्षं दावा न केलेल्या मालकाला स्व-नुकसानीच्या हप्त्यात ५० टक्के नो क्लेम बोनस मिळत असतो आणि एका दाव्यानं तो जातो. तो हप्ता मुळात १०,००० रुपयांचा असेल, तर अडीच हजारांसाठी पुढच्या वर्षी ५,००० जास्त मोजावे लागतात.